बाराशे कुलपांचं कर्ज

साबण हवा असेल तर आधी जुनी वडी जमा करायची. वडी कसली, नखाएवढी उरलेली चिपटी. ती कागदावर ठेवून नवऱ्याला दाखवायची, मग तो छापील चिठ्ठी पुढे करणार, तिच्यावर तारीख, वस्तू, नग, कारण आणि सही एवढं भरायचं, आणि मग कुठे पॅसेजमधल्या लोखंडी कपाटाचं दार उघडून नवा साबण हातात पडायचा. तोही अर्धा. दुसरा अर्धा दोऱ्याने कापून परत कप्प्यात. ताईच्या घरात सव्वा वर्ष हा कारभार चालला होता. आंघोळीला जायचं तर बाईमाणसाने सही करून जायचं! याहून मोठी शिक्षा कुठल्या तुरुंगात असेल तर सांगा.

ताई म्हणजे स्टोअरकीपरची बायको. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ती दिवसभर उभ्याने इस्त्री करायची, आणि येणारे-जाणारे लहानथोर सगळे तिला ताईच म्हणायचे. नवरा यंत्रांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. जाळीच्या खिडकीमागे बसून नट, बोल्ट, हातमोजे, ग्रीसचे डबे चिठ्ठी बघून द्यायचे आणि वहीत लिहायचे, हे त्याने अठ्ठावीस वर्षं केलं होतं आणि एकदाही एका वायसरचा फरक येऊ दिला नव्हता. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, पत्ते नाहीत, घरात कधी आवाज चढवला नाही. कुणी त्याचं असं कौतुक केलं की ताई म्हणायची, "त्यापेक्षा दारू परवडली असती. दारुड्याला निदान सकाळी उतरते तरी."

आणि हे सगळं कशापायी? तर कुलपांपायी.

झालं असं, की एक कुलपांचा कारखाना बुडाला आणि त्याच्या गोदामातला माल लिलावात निघाला. स्टोअरकीपरला कुणीतरी सांगितलं, माल मातीमोल जातोय, घे आणि दुप्पट भावाने वीक. आयुष्यात कधी साधं लॉटरीचं तिकीट न घेतलेला हा माणूस एका दुपारी उठला आणि लिलावाला गेला. हातात यादी घेतली. यादीत लिहिलं होतं, पितळी कुलुपं, नग बाराशे. किल्ल्या, नग चोवीसशे. त्याने तिथेच बाही दुमडून तीन तास माल मोजला. कुलुपं बाराशे भरली. किल्ल्या चोवीसशे भरल्या. यादी आणि माल जुळला! स्टोअरकीपरला याहून मोठं सुख नसतं. त्या आनंदाच्या भरात त्याने नव्वद हजारांना लॉट उचलला.

टेम्पोतून माल उतरला तेव्हा ताई दारात उभी होती. आधी कुलपांची खोकी आली. मग तीन पोती आली.

"हे पोत्यांत काय?"

"किल्ल्या."

"कुठल्या किल्ल्या?"

"याच कुलपांच्या."

ताईने एका पोत्याचं तोंड सोडलं आणि आत हात घातला. मूठभर किल्ल्या बाहेर काढल्या. ना नंबर, ना खूण, ना दोरा. तिने एक कुलूप उचललं आणि एकेक किल्ली लावून बघितली. अकराव्या किल्लीनंतर ती पोत्यावरच बसली.

"अहो, कुठल्या कुलपाची किल्ली कुठली ते कुठे लिहिलंय?"

स्टोअरकीपरने यादी काढली, उलटली, सुलटली. "पण संख्या बरोबर आहे," तो म्हणाला.

त्यानंतरचा अर्धा तास ताईला आठवत नाही. लेकीला आठवतो. लेक तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागली होती, आणि आई काय काय बोलली ते ती अजून मैत्रिणींना म्हणून दाखवते.

आता नव्वद हजार काही गादीखाली नव्हते. ते कारखान्यातल्या कामगारांच्या पतपेढीतून काढलेले होते, आणि पतपेढी जामीनदाराशिवाय दमडी देत नाही. जामीन राहिले होते क्रेनवाले दादा. कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवणारा हा माणूस स्टोअरकीपरला पोरसवदा असल्यापासून ओळखत होता. नोकरीत चिकटवलं त्यांनी, लग्नात धावपळ केली त्यांनी, लेकीच्या जन्माच्या वेळी रक्त द्यायला धावले तेही तेच. कर्जाचे कागद घेऊन स्टोअरकीपर त्यांच्या घरी गेला तेव्हा ते चहा पीत होते. "सही कुठे करायची तेवढं सांग," म्हणाले, आणि न वाचता केली. दादांची बायको, म्हणजे वहिनी, ताईला धाकटी बहीण मानायच्या. वहिनींचे गुडघे पार कामातून गेले होते. दादांनी ठरवून ठेवलं होतं, निवृत्त होताना पतपेढीतली तीस वर्षांची ठेव हातात आली की पहिलं काम गुडघ्यांचं ऑपरेशन.

आणि इथेच तर घोडं अडलं होतं. पतपेढीचा नियम असा, की जामीनदार निवृत्त होताना त्याने ज्यांची हमी घेतली त्यांचं जे काही थकलेलं असेल, ते त्याच्या ठेवीतून कापून घ्यायचं. म्हणजे दादा घरी बसायच्या आत कर्ज फिटलं नाही, तर कात्री लागणार वहिनींच्या गुडघ्यांना. ताईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने एवढंच सांगितलं असतं: दादांच्या ठेवीला धक्का लागता कामा नये. बाकी जग गेलं खड्ड्यात.

तेव्हा हातात सव्वा वर्ष होतं.

नवऱ्याने काटकसर मनावर घेतली ती अशी, की घराचं स्टोअरच करून टाकलं. भंगारातून लोखंडी कपाट आणलं. "भंगारातून म्हणजे फुकट नव्हे," ताई म्हणाली, पण ऐकतो कोण. साखर, चहा, तेल, काडेपेटी, साबण, दंतमंजन, सगळं आत. दिव्याच्या प्रत्येक बटणावर सूचना चिकटवली, 'विनाकारण चालू ठेवू नये'. नळावर सूचना. फ्रिजवर सूचना. फ्रिज रात्री बंद ठेवायचा हुकूम निघाला आणि पहिल्याच आठवड्यात तीनदा दूध नासलं. बसचं तिकीट वाचवायला स्वतः पायी जाऊ लागला, आणि महिन्याभरात बुटांचे तळ गेले. बूट बसच्या तिकिटांपेक्षा महाग पडले. ताईने तो हिशेब त्याच्या नाकासमोर मांडला तर म्हणतो कसा, "बूट वेगळ्या खात्यात येतात."

कपाळ!

लेक बापाच्या वरताण. एकदा तिने चिठ्ठी भरून दिली: वस्तू, हवा. नग, एक छातीभर. कारण, जिवंत राहणे. बापाने ती शांतपणे वाचली आणि 'साठा उपलब्ध' असं लिहून परत दिली. दुसऱ्या एका चिठ्ठीत मात्र पोरीने दर महिन्याच्या तिच्या गरजेचं कारण सविस्तर, सगळ्या तपशिलांसकट लिहिलं. ती वाचून स्टोअरकीपरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तेव्हापासून कपाटातला तो एक कप्पा बिनचिठ्ठीचा झाला. मायलेकी त्या दिवशी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसल्या.

पण हसून कर्ज फिटत नाही. खरं काम केलं ते ताईने.

सुरुवातीला कुलुपं जुळवायचं काम नवऱ्याकडेच होतं. संध्याकाळी जेवण झालं की तो खोक्यातलं पहिलं कुलूप घ्यायचा आणि पोत्यातली पहिली किल्ली. मग दुसरी. मग तिसरी. सगळं क्रमाने, आणि न लागलेल्या किल्ल्यांची वहीत नोंद. एका महिन्यात एकतीस कुलुपं उघडली. ताईने बोटांवर हिशेब केला. या गतीने सगळी कुलुपं जुळायला सव्वातीन वर्षं लागणार होती. तोवर वहिनी रांगत घर झाडणार की काय?

"उठा," ती म्हणाली. "उठा तिथून. हे माझ्याकडे द्या."

तिने जुनी चादर अंथरली आणि तिन्ही पोती ओतली. लाँड्रीत दिवसाला दोनशे कपडे येतात, ते काय ती एकेक करून मालक शोधत बसते? आधी शर्ट शर्टांत, चादरी चादरींत, मग रंग, मग मापं. तिने किल्ल्यांचे दात बघायला सुरुवात केली. पहिला दात आखूड तो इकडे, लांब तो तिकडे. मग दुसरा दात. मग तिसरा. लेकीला हाताशी घेतलं. तीन संध्याकाळी गेल्या, पाठीचा काटा ढिला झाला, पण चादरीवर ढीग पडले सत्तावन्न. बाराशे कुलुपं असली तरी किल्ल्यांचे प्रकार सत्तावन्नच होते! आता एकेका कुलपाला जास्तीत जास्त सत्तावन्न किल्ल्या लावून बघायच्या. हात बसल्यावर तर कुलपाच्या भोकात नुसतं डोकावून लेक सांगायची, "आई, हे बावीस नंबरच्या ढिगातलं."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" नवरा म्हणाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही मला आधी विचारलं होतं का, लॉट घेऊ का म्हणून?"

मग संध्याकाळचा नेमच झाला. ताई आणि लेक जुळवणार, नवरा तेलाचा थेंब टाकून पुसणार आणि किल्ल्यांची जोडी तारेत ओवणार. बोटं काळी पडली. पितळेचा वास जेवतानाही जाईना. हार्डवेअरवाल्याने आधी डझनाला जो भाव सांगितला तो ऐकून ताई काउंटरवरून कुलुपं उचलून सरळ चालू लागली, आणि तो पायरीपर्यंत मागे आला. रविवारच्या बाजारात ती स्वतः चादर टाकून बसली. लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचं जादा काम निघालं तेही अंगावर घेतलं, पहाटे दोन तास आधी जाऊन. पायांच्या शिरा तटतटून फुगल्या. चहात दूध नाममात्र, सणावारी घ्यायची ती साडी नाही, लेकीची सहल नाही. पोटाला चिमटा काढणं म्हणजे काय ते त्या घराने सव्वा वर्ष रोज अनुभवलं.

दर शनिवारी ती सगळे पैसे नवऱ्याच्या हातात ठेवायची. तो मोजायचा, वहीत लिहायचा, पुन्हा मोजायचा. पतपेढी कारखान्याच्या आवारात, तेव्हा भरायचं काम त्याचं. ते तेवढं तरी नीट करेल असं ताईला वाटलं. एवढा एकच विश्वास टाकला बिचारीने.

दादांच्या निवृत्तीला पावणेदोन महिने उरले तेव्हा एका शनिवारी नवऱ्याने वही मिटली आणि म्हणाला, "झालं. व्याजासकट पूर्ण आकडा जमला."

ताई तिथेच भिंतीला टेकून बसली. लेकीने शिट्टी वाजवली. त्या रात्री ताईने न विचारता, न चिठ्ठी भरता, दुधाचा चहा केला, आणि नवऱ्याने तो बशीत ओतून संपवला.

आता पुढचं ऐका.

दीड महिन्यानंतर, तेवीस तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला क्रेनवाले दादा लाँड्रीत आले. हातात कोट. त्यांच्याकडे आयुष्यात एकच कोट होता, आणि एकतीस तारखेला निरोप समारंभाला तो घालायचा होता. एरवी दादा आले की स्टूल ओढून बसायचे, ताईची थट्टा करायचे, इस्त्रीच्या वाफेवर अंडं उकडून दे म्हणायचे. आज कोट काउंटरवर ठेवला आणि उभेच राहिले.

"बसा की दादा. वहिनी काय म्हणतात? अठ्ठावीसला ना ऑपरेशन? मी सुट्टी सांगून ठेवलीय, दोन दिवस मी राहते दवाखान्यात."

"नको," दादा म्हणाले. "ढकललंय ते जरा."

"ढकललं? का?"

"आगाऊ रक्कम बावीसपर्यंत भरायची होती. थोडी कमी पडली." ते कोटाची बाही सारखी करत होते. "मोठे डॉक्टर बाहेरून येतात, आता तीन महिन्यांनी येतील. तेव्हा बघू. इतकी वर्षं काढली, तीन महिन्यांचं काय एवढं."

"पण तुमची ठेव?"

दादांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. "बाही जरा जपून कर," म्हणाले. "अस्तर विरलंय." आणि गेले.

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं. हातातली चादर तशीच टाकली. मालकाला म्हणाली, "आलेच," आणि अंगावरचा ॲप्रन न काढता कारखान्याच्या दिशेने चालू लागली. वाटेत तिने स्वतःची समजूत घालून बघितली. काहीतरी दुसरं असेल. औषधांना पैसे गेले असतील, दादांनी मुलाला पाठवले असतील. पण पाय काही हळू होईनात.

गेटवरच्या वॉचमनने तिचं तोंड बघितलं आणि वहीत सही मागायचं धाडस केलं नाही. स्टोअरच्या खिडकीपुढे सात-आठ कामगार रांगेत उभे होते. ताई रांग सोडून सरळ पुढे गेली आणि जाळीच्या फटीतून हात आत घालून टेबलावर आपटला.

स्टोअरकीपर वहीत लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "चिठ्ठी?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ताईने वळून बघताच गप्प झालं.

"अहो, वर बघा."

त्याने वर बघितलं. चष्मा काढला, परत लावला. "तू इथे?"

"पतपेढीत सगळे पैसे भरलेत ना?"

"हे काय विचारणं झालं? इथे?"

"भरलेत की नाही?"

"भरलेत. म्हणजे, भरतोय." त्याने रांगेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तीन हिस्से भरलेत. शेवटचा चौथा तेवढा बाकी आहे. साडेबावीस हजार. घरी कपाटात आहेत, खालच्या कप्प्यात, डब्यात. मोजून ठेवलेत. एकही नोट कमी नाही."

"कपाटात." ताई म्हणाली. "दीड महिना कपाटात? का?"

आणि मग तो जे बोलला ते ताई मरेपर्यंत विसरायची नाही. तो अगदी मनापासून, नवख्या माणसाला काम शिकवावं तसा म्हणाला, "अगं, स्टोअरचा नियमच आहे, मागून नवा माल आल्याशिवाय शेवटचा चौथा हिस्सा कुणी देत नाही. कप्पा पूर्ण रिकामा कधीच करायचा नसतो. उद्या काही अडचण आली तर? तू आजारी पडलीस तर? म्हटलं, महिनाअखेरीपर्यंत राहू दे शिल्लक, पुढचा पगार आला की भरू. दादांची निवृत्ती एकतीसला. आज तेवीस. आठ दिवस आहेत अजून."

रांगेतला एक म्हातारा वेल्डर पुढे झाला. "ठेवी वीस तारखेलाच वाटल्या हो. निवृत्त होणाऱ्यांचा हिशेब पतपेढी दहा दिवस आधी बंद करते. महिनाभर बोर्डावर लावलंय."

"बोर्डावर?" स्टोअरकीपर म्हणाला.

"तुमच्या या खिडकीसमोरच आहे की बोर्ड."

खरंच होता. खिडकीच्या बरोब्बर समोर, दहा पावलांवर. घरात नळावर, फ्रिजवर, संडासाच्या दारावर सूचना चिकटवणाऱ्या या माणसाने महिनाभर त्या बोर्डाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. हिशेब महिनाअखेरीलाच बंद होतो, कारण त्याच्या स्टोअरचा महिनाअखेरीला होतो. झालं, संपलं. दुसऱ्या कुणाचा वेगळा असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ताईला वाटलं होतं की आपण आता ओरडू, रडू, ती जाळी उचकटून काढू. पण तिने हात जाळीतून बाहेर ओढला. सव्वा वर्ष, पहाटेच्या चादरी, काळी बोटं, लेकीची सहल, आणि हा माणूस कप्पा रिकामा दिसू नये म्हणून पैसे राखून बसला! ती म्हणाली, "खिडकी बंद करा आणि चला." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती खिडकी कामाच्या वेळेत बंद झाली.

घरात आल्यावर मात्र ताईने तोंड सोडलं ते सोडलं. कपाट उघडताना तो "अगं, व्याजही फारसं नाही" असं काहीतरी पुटपुटला.

"व्याज?" ताई कडाडली. "व्याज गेलं चुलीत! ती बाई जिना उतरताना भिंत धरून रडते, ते दिसलं नाही तुम्हाला? तुमच्यावर उपकार केले त्या माणसाने, आणि त्याचं फळ काय दिलंत? त्याचीच ठेव कापली! चोराने चोरी केली असती तर मी समजले असते. तुम्ही पैसे हातात असून दिले नाहीत हो, हातात असून!"

स्टोअरकीपर डबा छातीशी धरून उभा राहिला. "मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला.

"तेच तर रडणं आहे! मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं!"

दादांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार दादांनी उघडलं. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यांना पट्टे. ताईला बघून एरवी त्या बसल्या जागेवरून "आली का गं माझी धाकटी" म्हणून हाक मारायच्या. आज "या" म्हणाल्या.

स्टोअरकीपरने डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने काही लपवलं नाही, कप्प्याचंही सांगितलं, बोर्डाचंही सांगितलं. सांगताना घाम पुसत होता. ताईला त्याची दयाही येत होती आणि त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. तिने पुढे होऊन वहिनींचा हात धरला. "वहिनी, माझ्यामुळे झालं. मी स्वतः जाऊन पावती बघायला हवी होती. उद्याच दवाखान्यात जाते, हातापाया पडते, तारीख मिळते का बघते."

"विचारलं आम्ही," वहिनी म्हणाल्या. "नाही मिळत."

दादा घाईघाईने म्हणाले, "अरे, होतं असं. माणसाकडून चूक होते. पैसे आले ना? मग मिटलं. तू आता तोंड पाडून उभा राहू नकोस. अगं, चहा टाकतो मी, बसा."

वहिनींनी हात सोडवून घेतला आणि डबा पुढे ओढला. झाकण उघडलं. नोटांच्या गड्ड्या बाहेर काढल्या, रबर काढलं आणि मोजायला सुरुवात केली. अंगठा जिभेला लावून, एकेक.

"अगं, मोजतेस काय," दादा म्हणाले. "आपलीच माणसं आहेत."

वहिनी थांबल्या नाहीत. ओठ हलत होते. गॅसवर चहा उकळून वर आला आणि दादा तिकडे धावले. ताई त्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. या घरात पंचवीस वर्षं तिचं येणंजाणं होतं. किराण्याच्या उधार-उसनवाऱ्या झाल्या होत्या, दागिनेसुद्धा एकदा ठेवायला दिले-घेतले होते, पण कुणी कुणाचं मोजून घेतलं नव्हतं. साडेबावीस हजार पूर्ण भरले. वहिनींनी गड्डी ठोकून सरळ केली, आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला लागल्या.

निघताना दादा दारापर्यंत आले, स्टोअरकीपरच्या खांद्यावर थोपटलं, एकतीसला समारंभाला या म्हणाले.

स्टोअरकीपर दोन जिने उतरला. मग कठडा धरून थांबला. जन्मभर दुसऱ्यांनी दिलेला माल मोजून घेतलेला माणूस, त्याचा आवाज पार खोल गेला होता.

"वहिनींनी दोनदा मोजले गं."

ताईने मागे वळून बघितलं नाही. "मग?" ती म्हणाली. "मोजणारच आता."